नळी वाचवायची की पोटाचा पडदा?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका मुलाने विचारले आहे. आई ५८ वर्षांची, वजन ५० किलो, मधुमेहाने मूत्रपिंडे गेलेली, दोन वर्षे घरीच सीएपीडी चालू, म्हणजे पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतले पाणी भरून-काढून होणारे डायलिसिस. एका शनिवारी रात्री ड्रेनची, म्हणजे पोटातून बाहेर काढलेल्या पाण्याची, पिशवी गढूळ आली, पोटात थोडे दुखले. दुसऱ्या दिवशी रविवार, त्यात धो धो पाऊस. जवळच्या औषधाच्या दुकानातून सेफिक्झिमच्या गोळ्या आणल्या. दोन दिवस जरा बरे वाटले, मंगळवारी पुन्हा गढूळ पिशवी आणि ताप. मग इस्पितळात दाखल केले. तिथे दोन अँटिबायोटिक पिशवीतच घालून देतात. पोटातल्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी पहिल्या दिवशी ३२००, तिसऱ्या दिवशी १४००, पाचव्या दिवशी ६००. कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) काहीच वाढले नाही. डॉक्टर म्हणाले, कदाचित नळी काढावी लागेल. मुलगा विचारतो: औषध शिरेतून किंवा गोळीने का देत नाहीत? जंतू सापडलाच नाही तर औषध कशावर चालले आहे? आणखी ‘स्ट्राँग’ अँटिबायोटिक देऊन नळी वाचवता येणार नाही का? नळी गेली की आई कायमची हिमोवर (यंत्रातून रक्त शुद्ध करण्याच्या डायलिसिसवर) जाणार का? आणि गणेश चवथीला पाच आठवडे आहेत, तोवर आई घरी असेल का?

मी गोव्यात वीस-बावीस वर्षे मूत्रपिंडाचे रुग्ण पाहतो आहे, त्यातले बरेचसे पोटाच्या डायलिसिसचे. आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांच्या जागी बसून निर्णय देणार नाही. पण आत काय चालले आहे हे कळले, तर उद्याच्या राउंडला त्यांना काय विचारायचे ते तुम्हाला समजेल.

आधी त्या गोळ्यांविषयी. तुम्हाला बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही. रविवारी पावसात वाळपईहून बांबोळीचे मोठे इस्पितळ गाठणे किती सोपे असते ते मला ठाऊक आहे. पण कल्चर कोरे येण्याचे पहिले संशयित कारण त्या गोळ्याच आहेत. सेफिक्झिम तोंडावाटे घेतले की पोटाच्या पाण्यात ते भरवशाने पोचत नाही. जंतू मरत नाहीत, नुसते दबतात. अशा दबलेल्या जंतूंचा नमुना बाटलीत घातला तर ते उगवत नाहीत, आणि पोटात मात्र असतात. म्हणजे गोळ्यांनी आजार हटला नाही, पुरावा मात्र गेला. तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन हे शेड्यूल एच-१ मधले औषध आहे. त्याच्या पाकिटावर लाल चौकटीतला इशारा असतो आणि चिठ्ठीशिवाय ते विकताच येत नाही. तो नियम २०१४ पासून आहे. काउंटरवर काय चालते ते तुम्ही पाहिलेच आहे.

सीएपीडीवाल्या प्रत्येक घरात मी एकच गोष्ट पाठ करून घेतो. ड्रेनची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. ‘नवप्रभा’ असो की ‘गोमन्तक’, खालची अक्षरे वाचता आली पाहिजेत. पेजेच्या निवळासारखे पाणी दिसले, अक्षरे पुसट झाली, की कुठलेही औषध न घेता ती पिशवी न फोडता, न ओतता, इस्पितळात घेऊन यायची. गाडीच्या डिकीत उन्हात तापत ठेवायची नाही, हाताशी ठेवून थेट आणायची. ताप नसला, पोट दुखत नसले तरी. रात्र असली तरी १०८ ला फोन करून. पेरिटोनायटिसमध्ये, म्हणजे पोटाच्या पडद्याच्या संसर्गात, पहिला डोस किती तासांत पडला यावर पुढचे बरेच ठरते.

गढूळ पिशवी म्हणजे दर वेळी संसर्गच असतो असे मात्र नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लर्कॅनिडिपिनने, पाणी दुधासारखे येते. पोट दुखत नाही, पेशी वाढलेल्या नसतात, गोळी बदलली की पाणी स्वच्छ होते. नवीन नळी घातल्यावर काही आठवड्यांत इओसिनोफिल पेशींमुळेही गढूळपणा येतो. म्हणूनच पाणी किमान दोन तास पोटात राहू देऊन मग पेशी मोजायच्या. दर मायक्रोलिटरला शंभराहून जास्त आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतील, जोडीला गढूळपणा किंवा दुखणे असेल, तर पेरिटोनायटिस धरायचा. आईंच्या ३२०० ला शंका घ्यायला जागाच नव्हती.

आता औषध पिशवीत का?

पेरिटोनियम म्हणजे पोटातल्या अवयवांवरून आणि पोटाच्या भिंतीवरून आतून पसरलेला पातळ पडदा. आईंचे डायलिसिस याच पडद्यातून होते आणि संसर्गही तिथेच, त्याच्या पृष्ठभागावर आणि पाण्यात झाला आहे. शिरेतून दिलेले औषध रक्तातून पाझरत पाण्यात यायचे आणि दिवसातून चार वेळा आपण ते पाणी बाहेर काढून टाकणार. तेच औषध पिशवीत घातले तर जंतू जिथे आहेत तिथे ते पहिल्या मिनिटापासून भरपूर असते. शिवाय सुजलेला पडदा औषध शोषून रक्तातही पोचवतो. पोटात संसर्ग नसताना पिशवीतल्या व्हॅन्कोमायसिनपैकी साधारण निम्मे रक्तात जाते, पेरिटोनायटिसमध्ये तेच नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून ती पिशवी पोटात किमान सहा तास ठेवायला सांगतात. बरेचदा रात्रीची शेवटची पिशवी यासाठी धरतात. तुम्ही मदतीला बसत असाल तर एवढे लक्षात ठेवा: औषध घातलेली पिशवी ‘आज लवकर उठायचे आहे’ म्हणून चार तासांत काढायची नाही.

शिरेतून औषध कधी? रक्तदाब खाली आला, रुग्ण गळून गेला, रक्तातच संसर्ग शिरल्याची चिन्हे दिसली तर. तेव्हा दोन्हीकडून. आणि व्हॅन्कोमायसिनची कॅप्सूल मिळते ना, तीच का नको, असे कुणी विचारले तर उत्तर असे: ती आतड्यातून रक्तात शोषलीच जात नाही. आतड्यातल्या एका वेगळ्या आजारासाठी ती असते, पेरिटोनायटिसला तिचा काही उपयोग नाही.

दोन औषधे का, हा पुढचा प्रश्न. पहिल्या दिवशी जंतूचे नाव माहीत नसते. मग दोन्ही दारे बंद करावी लागतात. एक दार त्वचेचे आणि हाताचे: पिशवी जोडताना हातावरचे, नाकातले स्टॅफिलोकोकससारखे ग्रॅम पॉझिटिव्ह जंतू नळीवाटे आत जातात. दुसरे दार आतड्याचे आणि पाण्याचे: ई-कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास हे ग्रॅम निगेटिव्ह. पहिल्या दाराला सेफॅझोलिन किंवा व्हॅन्कोमायसिन, दुसऱ्याला सेफ्टाझिडिम किंवा जेंटामायसिनसारखे अमिनोग्लायकोसाइड. पेरिटोनियल डायलिसिसच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत दोन्हींसाठी मिळून एकटे सेफेपिमही चालते असे म्हटले आहे.

अंदाज यावा म्हणून आकडे देतो, घरी वापरायला नव्हेत. सेफॅझोलिन दिवसातून एकदा, लांब मुक्कामाच्या पिशवीत, किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे आईंना साडेसातशेच्या आसपास. सेफ्टाझिडिम दिवसाला एक ते दीड ग्रॅम. जेंटामायसिन किलोमागे फक्त ०.६ मिलिग्रॅम. व्हॅन्कोमायसिन किलोमागे १५ ते ३० मिलिग्रॅम, पण दर पाच ते सात दिवसांनी एकदाच. ‘आज डॉक्टरांनी इंजेक्शन घातलेच नाही’ अशी तक्रार घेऊन नातेवाईक येतात तेव्हा बहुधा हेच असते. ज्या मूत्रपिंडांनी ते औषध बाहेर टाकायचे ती बंद आहेत, म्हणून ते दिवसच्या दिवस टिकते. मात्र लघवी अजून बरी होत असेल तर ते लवकर उतरते. म्हणून रक्तातली पातळी मोजून ती १५ च्या खाली जाऊ द्यायची नाही. पातळी मोजायची सोय नसेल तर मी पाच दिवसांवर थांबतो, सातव्याची वाट पाहत नाही.

प्रत्येक औषधाचा एक वेगळा त्रास असतो, आणि तो पहिल्यांदा घरच्यांनाच दिसतो. जेंटामायसिन थोडे दिवस दिले तर ठीक, पण लांबले किंवा पुन्हा पुन्हा दिले गेले तर कानात आवाज, कमी ऐकू येणे, तोल जाणे. गेलेले ऐकणे परत येत नाही. सेफेपिमचे वेगळे: मूत्रपिंड बंद असलेल्या माणसाच्या मेंदूवर ते चढू शकते. आई एकाएकी असंबद्ध बोलू लागल्या, माणसे ओळखेनाशा झाल्या, हातापायांना झटके येऊ लागले, तर ‘वयामुळे’, ‘तापामुळे’ म्हणून सोडू नका, त्याच क्षणी सांगा. पूर्वी आमच्याकडे अशीच एक आजी आली होती. घरच्यांनी तीन दिवस तिला दृष्ट लागली असे समजून काढले. औषध थांबवले आणि जास्तीचे डायलिसिस केले, तशी ती ताळ्यावर आली.

पिशवीत औषध घालण्याची रीतही महत्त्वाची आहे. पिशवीचे इंजेक्शनचे टोक जंतुनाशकाने पुसून पुरेसे वाळू द्यायचे. दोन औषधांसाठी दोन वेगळ्या सिरिंज. व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम दोन लिटरच्या एका पिशवीत चालतात, पण एकाच सिरिंजमध्ये मिसळायचे नाहीत. अमिनोग्लायकोसाइड आणि पेनिसिलिन गटातले औषध तर एका पिशवीतही नको, एकमेकांना निकामी करतात. पुस्तकात लिहिलेले असते की सेफॅझोलिन घातलेली पिशवी खोलीच्या तापमानाला आठ दिवस टिकते, सेफ्टाझिडिमची चार. ते पुस्तक ज्या खोलीत लिहिले गेले तिचे तापमान पंचवीस अंश होते. आपल्याकडची मे महिन्यातली खोली आठवा. मी घरी उपचार चालू ठेवतो तेव्हा रोजची पिशवी रोज तयार करायला सांगतो.

पाण्यात पांढरे धागे, जाळे दिसले तर घाबरू नका, ते फायब्रिन असते. नळी तुंबू नये म्हणून पिशवीत थोडे हेपॅरिन घालतात. आणखी एक: पेरिटोनायटिसमध्ये पडदा सुजला की पिशवीतली साखर झपाट्याने शोषली जाते. त्यामुळे पाणी कमी निघते, पायाला सूज येते आणि मधुमेह्याची साखर चढते. या दिवसांत पिवळ्याऐवजी हिरवी, म्हणजे जास्त साखरेची, पिशवी, आणि इन्सुलिन वाढवणे, हे दोन्ही अपेक्षितच आहे. प्रथिनेही पाण्यातून जास्त जातात, म्हणून आईंचे अंडी, मासे, डाळ बंद करू नका. ‘आजारी आहे, नुसती पेज द्या’ हा आपल्याकडचा हुकमी सल्ला इथे उलटा पडतो.

जंतू न सापडण्याबद्दल अजून थोडे. गोळ्या हे एक कारण झाले. दुसरे कारण नमुना घेण्याच्या पद्धतीत असते. मी नवा होतो तेव्हा ज्या इस्पितळात होतो तिथे हे पाणी साध्या, लघवीच्या तपासणीच्या बाटलीत भरून शनिवारी दुपारी पाठवले जायचे आणि सोमवारी कुणी उघडायचे. अर्थातच ‘नो ग्रोथ’. आम्ही त्याला ‘स्टराइल पेरिटोनायटिस’ असे भारदस्त नाव देऊन समाधान मानत असू. आता रुग्णाच्या उशाशीच पाच ते दहा मिली पाणी थेट रक्ताच्या कल्चरच्या बाटल्यांत घालायचे, हे ठरलेले आहे. सहा तासांच्या आत ते प्रयोगशाळेत पोचावे. शंभर कल्चरपैकी पंधराहून जास्त कोरी येत असतील तर दोष जंतूंचा नाही, आपल्या पद्धतीचा आहे असे धरून शोध घ्यायचा.

तिसरे कारण असे की जंतूच तसा आहे, नेहमीच्या बाटलीत न उगवणारा. आपल्या देशात क्षयाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून तीन दिवसांत काही उगवले नाही की पेशी पुन्हा मोजायच्या आणि बुरशी, क्षय व त्याच्या जातभाईंसाठी वेगळे कल्चर लावायचे. उद्या डॉक्टरांना हा पहिला प्रश्न विचारा: ‘दुसरा नमुना बुरशी आणि टीबीसाठी गेला का?’ त्यांनी बहुधा पाठवलाच असेल. क्षय निघाला तर महिनोन्महिने औषध चालते, पण नळी दर वेळी काढावी लागतेच असे नाही. बुरशी निघाली तर मात्र चर्चेला जागा नाही, नळी लगेच काढायची. बुरशीचा पेरिटोनायटिस बहुतेकदा अँटिबायोटिकच्या कोर्सच्या पाठोपाठच येतो. जंतू हटले की रिकाम्या जागेत कँडिडा पसरते. म्हणून मोठा कोर्स चालू असताना बुरशी रोखायला निस्टॅटिन किंवा फ्लुकोनॅझोल देतात. आईंच्या चिठ्ठीत ते दिसत नसेल तर हा दुसरा प्रश्न.

आणि आता नळी. तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी हीच भीती आहे, म्हणून इथे सावकाश सांगतो.

‘स्ट्राँग’ अँटिबायोटिक अशी वस्तू नसते. जंतूला लागू पडणारे आणि न पडणारे, एवढेच असते. आपल्याकडच्या ई-कोलाय आणि क्लेबसिएलामध्ये सेफ्टाझिडिम फोडून टाकणारे बरेच आहेत, तिथे मेरोपेनेमसारखे औषध लागते. म्हणून पेशी उतरत नसतील तर औषध बदलून पाहणे योग्यच. पण औषध बरोबर असूनही न हटणारा एक प्रकार आहे, तो नळीवरचा. पावसात चिऱ्याच्या गडग्यावर शेवाळ धरते, ते खरवडले तरी चार दिवसांत पुन्हा हिरवे होते, तसेच जंतू नळीच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर करून बसतात. पाण्यातले जंतू औषधाने मरतात. थराच्या आतल्यांपर्यंत ते पोचत नाही. औषध बंद झाले की ते खाली उतरतात. कोर्स संपून चार आठवड्यांच्या आत तोच जंतू परत आला तर आम्ही त्याला रिलॅप्स म्हणतो आणि नळीवर संशय घेतो.

बरोबर औषध पाच दिवस देऊनही पाणी स्वच्छ झाले नाही तर तो रिफ्रॅक्टरी (न हटणारा) पेरिटोनायटिस, नळी काढा, असा नियम आम्ही वर्षानुवर्षे पाळला. २०२२ च्या मार्गदर्शिकेत त्याला थोडी सवलत आहे: पाचव्या दिवशी पूर्ण स्वच्छ नसले, पण पेशी रोज सामान्याकडे उतरत असतील, तर आणखी थांबून पाहता येते. आईंचे ३२००, १४००, ६०० हे उतरतेच आकडे आहेत. मला त्यात थोडी आशा दिसते. पण तिसऱ्या दिवशी १,०९० च्या वर पेशी असलेल्या रुग्णांत उपचार अपयशी ठरण्याची शक्यता जास्त असते, हे हाँगकाँगच्या डॉक्टरांनी दाखवले आहे, आणि आईंचा तिसऱ्या दिवसाचा आकडा त्या रेषेच्या वर होता. तेव्हा तुमचे डॉक्टर नळी काढण्याची भाषा करतात ती उतावळेपणाने नव्हे. मी असतो तर अजून ४८ तास रोज पेशी मोजल्या असत्या. २००, मग ८० असे उतरले तर नळी राहू दिली असती. ६०० वरच अडकले, किंवा पोट जास्त दुखू लागले, किंवा ताप परतला, तर त्याच दिवशी शस्त्रक्रियेला पाठवले असते.

का थांबायचे नाही ते सांगतो. नळी ही एक सिलिकॉनची वस्तू आहे. १९६८ मध्ये टेंकॉफने ती घडवली, आजही ती साधारण तशीच आहे आणि दुसरी मिळते. पडदा दुसरा मिळत नाही. संसर्ग जितके दिवस धुमसत राहतो तितका तो जाड आणि चरबट होत जातो, आतडी एकमेकांना चिकटतात, आणि मग नवी नळी घातली तरी पाणी निघत नाही. नळी वाचवायच्या हट्टात मी स्वतः एका रुग्णाचे पोट घालवले आहे. काणकोणकडचा तरुण माणूस होता. घरापासून हिमोचे केंद्र लांब, आठवड्याला तीन खेपा म्हणजे नोकरी गेलीच. त्याने हात जोडले, मीही विरघळलो, औषधे बदलत बारा दिवस ओढले. नळी शेवटी काढलीच. तीन महिन्यांनी नवी घालायला गेलो तर आत सगळे चिकटलेले. तो आज हिमोवरच आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी काढली असती तर कदाचित घरी पिशव्या करत असता. त्यानंतर कुणी हात जोडले तरी मी पेशींच्या आकड्याकडेच बघतो.

नळी काढली म्हणजे कायमचे हिमो असे मुळीच नाही. मानेतल्या शिरेत तात्पुरती नळी घालून हिमो सुरू करतात. अँटिबायोटिक, आता शिरेतून, नळी काढल्यावरही साधारण दोन आठवडे चालते. पोट पूर्ण शांत झाल्यावर, काढल्यापासून किमान दोन आठवड्यांनी, नवी नळी घालता येते. मी स्वतः चार-सहा आठवडे थांबतो. त्या काळातल्या हिमोच्या खर्चाची काळजी असेल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आणि इस्पितळातले समाजसेवक यांच्याकडे आजच चौकशी करा, कागद जमवायला वेळ लागतो. जुनी नळी काढून त्याच वेळी नवी घालणे हेही होते, पण ते रिलॅप्सच्या काही रुग्णांत, पाणी आधी स्वच्छ झालेले असताना. न हटणाऱ्या किंवा बुरशीच्या संसर्गात नाही.

नळी राहिली तर औषध किती दिवस? जंतूचे नाव कळले असते तर नेमके सांगता आले असते. त्वचेवरचा साधा स्टॅफ असेल तर दोन आठवडे. स्टॅफिलोकोकस ऑरियस, एन्टरोकोकस, ई-कोलायसारखे ग्रॅम निगेटिव्ह असतील तर तीन. स्यूडोमोनास असेल तर तीन आठवडे आणि दोन वेगवेगळी औषधे. काहीच न सापडता रुग्ण पटकन सुधारला तर दोन पुरतात. आई सावकाश सुधारत आहेत, त्यामुळे डॉक्टरांनी तीन सांगितले तर नवल वाटून घेऊ नका, आणि पाणी निवळले म्हणून दहाव्या दिवशी आपल्या मनाने थांबवू नका. पुढे गोळ्या दिल्याच, उदाहरणार्थ सिप्रोफ्लॉक्सासिन, तर फॉस्फरससाठीची कॅल्शियमची किंवा सेव्हेलॅमरची गोळी आणि लोहाची गोळी तिच्याबरोबर गिळायची नाही. दोन्ही पोटातच एकमेकांना धरून बसतात आणि अँटिबायोटिक तसेच बाहेर जाते. आधी सिप्रो, दोन तासांनी जेवणाबरोबर कॅल्शियम.

हा संसर्ग आला कुठून, हे तुम्ही विचारलेले नाही, पण नळीच्या तोंडाकडे एकदा नीट बघा. ते लाल आहे का, दाबले तर पू येतो का, नळीच्या वाटेवर त्वचेखाली दुखते का. तिथे संसर्ग असेल तर पोट कितीही धुतले तरी उपयोग नाही. गोव्यात जून ते सप्टेंबर ती जागा कोरडी ठेवणे हेच मोठे काम असते. ओल्या पट्टीखाली स्यूडोमोनास छान वाढतो, पट्टीवर हिरवट डाग आणि एक गोडसर वास येतो. विहिरीच्या, झरीच्या, नदीच्या पाण्यात पोटाची नळी बुडवायची नाही. माझा एक रुग्ण नळीवर प्लास्टिक चिकटवून सांजांवला, म्हणजे विहिरीत उड्या मारायच्या सणाला, विहिरीत उडी मारून आला. चोवीस जूनची उडी, जुलैच्या मध्याला नळी बाहेर. दुसरा चिखलकाल्याला (चिखलात खेळायच्या उत्सवाला) माशेलला गेला, ‘फक्त बघायला’ म्हणून. रोज आंघोळीनंतर जागा पुसून कोरडी करून म्युपिरोसिनचे मलम लावणे, पिशवी बदलताना पंखा बंद, मास्क, हात साबणाने धुऊन पूर्ण वाळवणे, हे नर्सने शिकवलेच असेल. ओल्या हाताने जोडणी केली तर हात धुतल्याचा अर्धा फायदा जातो. या आजारानंतर नर्सकडून आईंची आणि तुमची सगळी पद्धत पुन्हा तपासून घ्या. दोन वर्षांत हात सराईत होतो आणि पायऱ्या गळू लागतात. मांजर असेल तर पिशवीच्या खोलीबाहेर, नळी कुरतडते. शौचाला खडा होऊ देऊ नका, तुंबलेल्या आतड्यातून जंतू पडद्यावर उतरतात.

राहिली चवथ. पेशी उतरल्या आणि नळी राहिली तर आई आठवड्याभरात घरी, आणि तीन आठवड्यांचा कोर्स चवथीच्या आधीच संपेल. नळी काढावी लागली तरी पाच आठवड्यांत त्या घरी असतील, फक्त बहुधा आठवड्याला तीन दिवस हिमोला जाऊन. तेव्हा हिमोचा वार चवथीच्या आदल्या दिवशी येईल असे केंद्राकडून आधीच बदलून घ्या. वाकून, वजन उचलून माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायचे काम दुसऱ्या कुणी करावे. आणि माटोळी उतरल्यावर एक सांभाळा. पिशव्यांवर असताना पोटॅशियम रोज पाण्यातून निघून जाते, म्हणून आईंना केळे, शहाळे खा म्हणून सांगितले असेल. हिमोवर दोन खेपांच्या मधल्या दिवसांत ते रक्तात साठते आणि हृदय थांबवू शकते. नळी गेली असेल तर माटोळीतले शहाळे, केळी, चिकू त्या वर्षी आईंच्या पानात नकोत. नळी राहिली असेल तर आधी पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट बघा आणि मग एखादे केळे खुशाल द्या.